लाईट गेली की अण्णा खुलतात

डिसेंबरातल्या पहाटे धर्मापुरीत लाईट गेली की सगळी गल्ली चरफडते. एकटे अण्णा तेवढे खुलतात. फ्रीजची घरघर थांबली की त्यांना जाग येते. गजराने येत नाही.

असे अण्णा गल्लीगल्लीत असतात. घरी गीझर आहे, माळवदावर सोलर आहे, मोरीत खिळ्याला पंधराशे वॉटचा रॉड लटकतोय. पण जीव अडकलाय तो परसातल्या तांब्याच्या बंबात. मुलाने गीझर बसवला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, अण्णांनी पेढा हातात धरून एवढंच विचारलं, "आन् लाईट गेल्यावर?" त्या दिवसापासून ते लाईट जायची वाट बघतात. सोलरचं पाणी आदल्या रात्री सुना-नातवंडं संपवतात, म्हणजे तोही काटा निघाला.

रॉडबद्दल त्यांचं शास्त्र पक्कं आहे. पूर्ण दाबाने वीज असेल तर पंधरा लिटरची बादली वीसेक मिनिटांत अंघोळीजोगी होते. पण व्होल्टेज निम्म्यावर आलं की उष्णता निम्मी राहत नाही, पावच राहते. "म्हणजे पहाटे लावा आन् दुपारी न्हावा." हे गणित चुकीचं नाही, म्हणूनच जास्त राग येतो.

बंब पेटवणं हा मात्र विधी आहे. पऱ्हाट्या भडकतात आणि विझतात, म्हणून त्या फक्त सुरुवातीला, मग तुराट्या, निखारा धरायला बाभळीचं खोडच पाहिजे. पेटवणाला गीझरच्या वॉरंटीचं कार्ड केव्हाच वापरून झालंय. तोटीतून गरम पाणी हवं असेल तर वरून तेवढंच गार ओतायचं. उधारी नाही. पाहुण्यालाही आधी कळशी उचलावी लागते.

तोवर धुराच्या वासाने गल्ली जमतेच. हात शेकत अण्णांचं भाषण सुरू होतं. "परळी आपला तालुका. विजेचा कारखाना तिथं. आन् अंधार कुठं? हितं!" मग 2013 चा दुष्काळ निघतो. त्या साली परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं. वाफ करायला पाणीच नाही! "तिकडं कोळसा हाय, पाणी नाही. हिकडं पाणी हाय, लाईट नाही. माझ्या बंबात दोन्ही हाय." यावर उत्तर नसतं. गावातल्या केदारेश्वराच्या देवळातल्या दगडी सुरसुंदऱ्यांनीही चालुक्यांच्या काळापासून एवढं ठाम बोलणं ऐकलं नसेल.

एकदा उरलेले निखारे घमेल्यात घालून ते झोपायच्या खोलीत न्यायला निघाले. काकूंनी दारातच अडवलं. "बंद खोलीत निखारा? कायमचंच झोपायचंय का?" घमेलं अंगणात आलं आणि तिथे शेकोटी झाली. अण्णांनी ती आपलीच कल्पना असल्याचं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

परवा पहाटे पाणी नुकतं कोमट झालं होतं. सातआठ जण कळशा घेऊन रांगेत. एवढ्यात मोरीत गीझरचा लाल दिवा लागला. पोरं ओरडली, "आली, आली!" आणि रांग तिकडे पळाली. अण्णांनी फुंकणी खाली ठेवली, शांतपणे उठले, दाराआड मीटरकडे गेले आणि परत येऊन बसले. लाल दिवा विझलेला.

"बगा," अण्णा म्हणाले, "गेली पुन्हा."

शेजारच्या ओसरीवरचा बल्ब लख्ख जळत होता. आम्ही सगळे मुकाट कळशा घेऊन रांगेत उभे राहिलो.