पाटीवाल्या बाईंस खुले पत्र

बाई,

२६ जून २०२१ रोजी टूर द फ्रान्सच्या पहिल्याच टप्प्यात, ब्रेस्टहून लांदेर्नोला जाणाऱ्या रस्त्यावर, आजी-आजोबांचं नाव लिहिलेला पुठ्ठा तुम्ही टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे धरलात. साऱ्या जगाने तो पाहिला. तुम्हाला मात्र मागून येणारा सायकलींचा लोंढा दिसला नाही, कारण त्याच्याकडे तुमची पाठ होती.

पुठ्ठा लागला टोनी मार्टिनला. घड्याळाशी शर्यत लावणाऱ्या प्रकारातला चार वेळचा जगज्जेता तो. तो कोसळला आणि मागचे एकावर एक आदळत गेले. धुळे-जळगाव रस्त्यावर समोरच्या वाऱ्यात ज्याने जोडीदाराच्या चाकामागे सायकल हाकली आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. वारा पुढचा झेलतो, मागचा वीतभर अंतरावर चिकटून असतो. पुढचा पडला तर ब्रेक दाबायला जागाच उरत नाही.

याशा झ्युटरलिनची शर्यत तिथेच संपली. मार्क सोलेर दोन्ही हातांची हाडं मोडलेली असताना अंतिम रेषेपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी तो निघू शकला नाही. आणि तुम्ही? कुणाला उठवायलाही न थांबता निघून गेलात. चार दिवसांनी पोलिसांपुढे आलात, डिसेंबरात १,२०० युरो दंड झाला. लोकांनी तुम्हाला नको तितक्या शिव्या दिल्या, ते मला मुळीच पटलं नाही. पण तुमचं ते निघून जाणं मी माफ करू शकत नाही.

आमच्या खान्देशात बारागाड्या ओढतात. एकीला एक जोडलेल्या गाड्या घेऊन भगत धावत सुटला की त्या आवरत नाहीत. चाकाखाली माणसं गेली आहेत. गावची पोरं जीव तोडून गर्दी मागे रेटतात, तरी हल्ली मोबाइल धरलेला एखादा हात आडवा येतोच. तुमची भावंडं इथेही आहेत, बाई.

२०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरच्या रूपाने आंतरराष्ट्रीय शर्यत महाराष्ट्रात आली. उद्या ती लळिंग घाटातूनही जाईल. तेव्हा खान्देशकरांनो, पाटी आजीची असो की नेत्याच्या वाढदिवसाची, दोरीच्या अलीकडे धरा आणि तोंड येणाऱ्या सायकलींकडे ठेवा.

— जळगावचा एक सायकलस्वार