टॉवेलची पंचाईत

सायकलवरून लांबच्या वाटेला निघणाऱ्या माणसाला वजनाचं वेड लागतं. रेवसहून सागरी महामार्ग धरायचा, आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेऱ्यांनी खाड्या ओलांडायच्या आणि रेडीवरून गोव्यात उतरायचं, असा बेत ठरला की घरातली एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढू लागते. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली जाते, साबणाची वडी चिरली जाते. चालवणाऱ्याच्या पोटावर असलेल्या चार जादा किलोंचा विषय मात्र यादीत नसतो. या परीक्षेत पहिला नापास होतो तो घरचा टॉवेल. सत्तर बाय एकशे चाळीस सेंटिमीटरचा, चौरस मीटरला ५०० ग्रॅम भरणारा टॉवेल कोरडा असतानाच अर्ध्या किलोला टेकतो आणि ओला झाल्यावर तर त्याचं वजन विचारूच नये. मग आपला सायकलवीर डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात जातो आणि जाळीच्या चिमुकल्या पिशवीत घडी घातलेला मायक्रोफायबरचा टॉवेल सुती टॉवेलच्या कितीतरी पट पैसे मोजून घेऊन येतो. माझं म्हणणं एवढंच, की तो चुकीच्या दुकानात गेला. त्याला जे हवं होतं ते खादी भांडारात, गठ्ठ्यात सर्वांत खाली, लाल काठ मिरवत पडलं होतं. त्याला पंचा म्हणतात.

हे म्हणणं केवळ स्वदेशीच्या उमाळ्याने केलेलं नाही, म्हणून जरा हिशेबाला बसू. मायक्रोफायबरच्या पाकिटावर बहुधा दोन वचनं शेजारी-शेजारी छापलेली असतात: हा टॉवेल स्वतःच्या वजनाच्या चौपट पाणी पितो आणि हा टॉवेल झटपट वाळतो. दोन्ही वाचून गिऱ्हाईक खूश होतं. पण या दोघांचा संसार कसा चालायचा? दोनशे ग्रॅमच्या टॉवेलने खरंच चौपट पाणी प्यायलं तर ते ८०० ग्रॅम झालं, म्हणजे कॅरिअरवर किलोभर ओझं. आणि प्यायलेलं पाणी उडून गेल्याशिवाय टॉवेल वाळत नाही. शंभर ग्रॅम पाणी साध्या हवेत उडवायला जेवढी उष्णता लागते, ती तेवढंच पाणी नळातून घेऊन उकळीपर्यंत आणायला लागणाऱ्या उष्णतेच्या सात-आठ पट असते. धागा जपानचा असो वा इचलकरंजीचा, हे देणं निसर्ग कोणालाच माफ करत नाही. तेव्हा जो लवकर वाळतो तो टॉवेल कसल्या जादूने वाळत नसतो. पिळून झाल्यावर त्याच्यात पाणीच थोडं उरलेलं असतं आणि कापड पातळ असल्यामुळे वाऱ्याला त्याच्या आरपार जाता येतं.

एवढं मान्य केलं की प्रश्नच बदलतो. एका दमात सगळं अंग कोरडं करणारा टॉवेल घरात ठीक; प्रवासात हवा तो पुन्हा पुन्हा पिळता येणारा. आपल्या टेरी टॉवेलची गोष्टच उलटी आहे. त्याच्या अंगावरचे ते दोऱ्याचे फासे मुळात जास्त पाणी धरून ठेवण्यासाठीच काढलेले. तुर्कस्तानातल्या हमामखान्यांतलं हे विणकाम इंग्रजांनी यंत्रावर चढवलं आणि १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं. पुढे आपल्या सोलापूरने त्यात इतकं नाव काढलं की तिथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. घरच्या न्हाणीघरात, गच्चीवरच्या उन्हाच्या भरवशावर, तो राजा आहे. पण राजाला सायकलच्या कॅरिअरवर बसवू नये. ज्या मुलखांत दमट हवा आणि रोजची अंघोळ एकत्र नांदतात, तिथल्या लोकांनी वेगळंच कापड काढलं. बंगाल-ओडिशाचा गमछा, केरळचं तोर्तू, आपला पंचा, सगळे पातळ, साध्या विणीचे, फाशांशिवायचे. जपानी लोक तर आपल्या तेनुगुईच्या टोकांना शिवणही घालत नाहीत, कारण दुमडलेल्या शिवणीत ओल आणि मळ धरतो. इतक्या दूरदूरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर काढलं असेल, तर त्या उत्तरात काही तथ्य असावं.

यावर जाणकार म्हणतील, सुताचा दोष लपवताय. दोष आहेच. नेहमीच्या हवेतसुद्धा सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा पोटात बाळगून असतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. मायक्रोफायबर म्हणजे मुख्यतः पॉलिस्टरच, आणि त्याचा तंतू इतका बारीक, की त्याचा नऊ हजार मीटर दोरा एक ग्रॅमही भरत नाही. तो पाणी पीतच नाही. तंतूंच्या मधल्या फटींत ते अडकून राहतं आणि पिळलं की बरंचसं सुटतं. सुताने मात्र पाणी खरोखर गिळलेलं असतं, ते शेवटपर्यंत सोडत नाही. त्यामुळे सारख्या जाडीची दोन कापडं शेजारी-शेजारी दोरीवर टाकली तर पॉलिस्टर आधी वाळेल, हे कबूल. पण सारख्या जाडीची टाकतो कोण? पंचा मुळातच इतका विरळ, की त्यातून पलीकडचं दिसतं. जाडजूड मायक्रोफायबर आणि झिरझिरीत पंचा यांच्या शर्यतीत धाग्याच्या जातीपेक्षा कापडाची जाडी जास्त बोलते. शिवाय सायकलवाल्याजवळ वाळवणाची अशी सोय असते जी बंगलेवाल्याजवळ नसते: मागे कॅरिअरवर अडकवलेल्या कापडाला दिवसभर ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वारा फुकट मिळतो. टोक मात्र नीट खोचावं. मागच्या चाकाला पंच्याची ओढ फार.

‘पंचा एका पुसण्यात ओलाचिंब होतो,’ हा पुढचा आक्षेप. होऊ दे. आधी तळहातांनी अंगावरचं पाणी निपटून काढावं, मग पंचा फिरवावा, पिळावा, पुन्हा फिरवावा. दोन पिळ्यांत माणूस कोरडा होतो, आणि ज्याने दिवसभरात ऐंशी किलोमीटर पायडल मारलं त्याला मनगटाच्या दोन पिळ्यांचा कंटाळा यावा हे काही पटत नाही. स्पर्शाचा मुद्दा तर मायक्रोफायबरवाल्यांनी काढूच नये. त्यांचा टॉवेल पाणी टिपून घेतो, पुसून काढत नाही. रगडायला गेलं तर तो अंगाला असा चिकटतो जणू उधारी वसूल करायला आलाय, आणि टाचेच्या भेगांत तर हमखास अडकतो. पंचा खरखरीत आहे, पण ती खरखर पाठीला हवीहवीशी वाटते.

मग उरतो वास, आणि इथे मात्र मला विज्ञानाची कुमक मिळते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली २६ माणसांना जागच्या जागी सायकल दामटायला लावलं आणि त्यांचे घामेजलेले टी-शर्ट एक दिवस ठेवून मग तपासले. वास घ्यायलाही माणसं बसवली होती. ज्ञानासाठी काही लोकांना काय काय सोसावं लागतं. निकाल असा लागला, की पॉलिस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा जास्त घाण मारत होते, कारण वास निर्माण करणाऱ्या काही जंतूंना पॉलिस्टरवरचा मुक्काम भलताच मानवतो. टी-शर्ट म्हणजे टॉवेल नव्हे, हे खरं. पण चार दिवस न धुतलेला, अर्धवट ओला असताना पिशवीत कोंबलेला प्रवासी टॉवेल आणि घामेजलेला टी-शर्ट यांच्यात असं कितीसं अंतर आहे? उलट पंचा साबण लावून दगडावर दोनदा आपटला की नवा. जाहिरातीतल्या नाजूक टॉवेलला आपटायची सोय नाही. त्याच्या चिठ्ठीवर कोमट पाण्याच्या नि सौम्य साबणाच्या अटी असतात. तंबूत राहणाऱ्याने कोमट पाणी आणायचं कुठून?

बाकी गुण मी भराभर सांगतो. पंचा डोक्याला गुंडाळता येतो, गळ्यात टाकता येतो, कमरेला लावून आडोशाशिवाय चड्डी बदलता येते; हातरुमालाएवढ्या मायक्रोफायबरमागे तोच प्रयोग करणाऱ्याचं धैर्य वाखाणावं, अनुकरण करू नये. सुका पंचा चौघडी करून चुलीवरचं पातेलं उतरवता येतं. तिथे पॉलिस्टर वितळून भांड्याला चिकटायची भीती. आणि पुरावाच हवा तर आषाढात वारीची वाट पाहावी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात, भर पावसाळ्यात, लाखो माणसं पायी जातात, नदी-विहिरीवर अंघोळी करतात आणि पातळ सुती कापडावर निभावून नेतात. सामान कमी ठेवण्याच्या शास्त्रातले एवढे मोठे तज्ज्ञ पुण्याच्या कुठल्याही सायकल क्लबात सापडणार नाहीत.

प्रामाणिकपणे एक जागा सोडून देतो. दिवसातून तीन-तीन वेळा समुद्रात डुंबायचं असेल आणि मुक्काम झाडीतल्या कोंदट जागी असेल, तर पातळ मायक्रोफायबर खरंच कामाचा आहे. मात्र दुकानातला जाडा, मऊ, गोंजारावासा वाटणारा घेऊ नये, सर्वांत पातळ आणि दिसायला दरिद्री असेल तो घ्यावा. बाकी सगळ्यांनी पंचाच घ्यावा. निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. नव्या पंच्यात खळ असते, तो पाणी टिपत नाही, नुसतं अंगभर पसरवतो. चार वेळा धुतल्याशिवाय माणसात येत नाही. आणि घ्याल तेव्हा दोन घ्या, एक अंगाला, दुसरा साखळीला. दोघांची अदलाबदल होऊ नये म्हणून खूण करायची गरज नाही, ती पहिल्याच दिवशी आपोआप होते.