हात लावू नका, ओलं आहे

सोसायटीत या माणसाबद्दलचा पहिला गैरसमज एका शब्दामुळे होतो. ‘मी घरी रॉड बनवतो,’ असं तो अभिमानाने सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्लॅबच्या सळया उभ्या राहतात. बायकांना पडद्याचा रॉड आठवतो. तळमजल्यावरच्या एकांनी तर ‘आमच्या बाथरूमचा टॉवेल रॉड हलतोय, येता का बघायला?’ असं विचारूनही घेतलं. पीव्हीसी पाइपचा चार फुटी तुकडा, दोन्ही तोंडांना बुचं लावलेला, खांद्याला अडकवून तो लोकलमध्ये चढतो, तेव्हा शेजारचा प्रवासी सरकून जागा देतो आणि आस्थेने विचारतो, ‘प्लंबिंग का?’ खुलासा करायला दादर ते ठाणे पुरत नाही.

त्या पाइपात असते मासे गरवायची काठी. विकत घेतलेली नाही, घरी बांधलेली.

हा गृहस्थ साधारण पंचेचाळीस ते साठ या वयात सापडतो. बँकेत, विमा कंपनीत नाहीतर एखाद्या ड्रॉइंग ऑफिसात असतो. लहानपणी मे महिन्यात आजोळी मामाबरोबर खाडीवर गेलेला असतो. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि गरी, एवढ्या सामानावर मामा रात्रीच्या कालवणाची सोय करायचा. पुढे मुंबईत स्थिरावल्यावर याने वरळी सी-फेसवर, वांद्र्याच्या बँडस्टँडवर उभं राहायला एक तयार रॉड घेतला. एके दिवशी त्याच्या टोकाची कडी निखळली. दुकानदार म्हणाला, ‘नवाच घ्या.’ तेव्हा याच्या तोंडून ते वाक्य गेलं: ‘यात आहे काय एवढं? घरी करू.’ याच वाक्याचं बोट धरून मराठी घरांत आजवर बोन्साय, मधमाश्या आणि हार्मोनियम दुरुस्ती शिरली आहे. इथे रॉड शिरला.

सुरुवात काटकसरीने होते. कोरी नळी, म्हणजे ‘ब्लँक’, मागवायची, तिला मूठ, रीळ बसवायची बैठक आणि दोरी ओवायच्या कड्या जोडायच्या, झाला रॉड. वहीत बेरीज होते आणि दोन हजार रुपये वाचणार असं निघतं. मग कळतं की ब्लँक लांब असल्यामुळे पार्सलचा खर्च वजनावर न लागता आकारावर लागतो. कड्या जपानी हव्यात. मुठीचा कॉर्क पोर्तुगालचा हवा. कॉर्क ओकची साल पहिल्यांदा काढायची तर झाड पंचवीसेक वर्षांचं व्हावं लागतं आणि पुढची साल नऊ वर्षांनी निघते, हे तो बायकोला अशा सुरात सांगतो की भाव विचारण्याची तिची हिंमत होऊ नये. तिची होते. त्या वहीचं पुढचं पान फाडलेलं आहे.

खरा कार्यक्रम जेवणाच्या टेबलावर चालतो. बुटांच्या खोक्याला दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचा पाडून त्यात ब्लँक आडवा ठेवलेला. धाग्याचं रीळ चहाच्या कपात. तिथून निघालेला धागा टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीच्या पानांमधून ओढून घेतलेला, म्हणजे त्याला सारखा ताण राहतो. आधी त्याने देवघरातली जाडजूड ज्ञानेश्वरी उचलली होती. पुढे काय झालं ते तो सांगत नाही. कडीचा पाय ब्लँकवर टेकवायचा आणि ब्लँक फिरवत फिरवत धाग्याला धागा चिकटवत वेढे घालायचे. एकावर एक चढता कामा नये, दोघांत फट राहता कामा नये. बारीक धागा घेतला तर एका सेंटिमीटरला सुमारे साठ वेढे बसतात. शेवटचे सहा-सात वेढे उरले की दोऱ्याचा एक फास ठेवून त्यावरून वेढे घालायचे, धागा कापायचा, टोक फासात ओवायचं आणि श्वास रोखून फास ओढायचा. टोक वेढ्यांखाली नाहीसं होतं. गाठ कुठेच नाही! नेमक्या याच क्षणी दाराची बेल वाजते.

कड्या किती, याचा ठोकताळा ठरलेला: रॉड जितके फूट, त्याहून एक जास्त. म्हणजे आठ फुटी रॉडला नऊ. प्रत्येक कडीची ही अशी पूजा. बायको एकदा शांतपणे म्हणाली, ‘अहो, मी वडाला वर्षातून एकदा सात फेरे घालते. तुम्ही काठीला सात हजार घालताय. तेही बसून.’

पहिल्या रॉडला त्याने पैठणीचे रंग योजले. मोरपिशी धागा, कडेला सोनेरी. दोन रात्री डोळे फोडून वेढे घातले, वर इपॉक्सी लावली आणि सकाळी पाहतो तर मोरपिशीचं वांग्याचं भरीत झालेलं. नायलॉनचा साधा धागा इपॉक्सी प्याला की अर्धपारदर्शक होतो आणि खालचा काळा ब्लँक त्यातून दिसू लागतो. आधी कलर प्रिझर्व्हरचा हात द्यायचा असतो. त्या दिवसापासून तो कुणाच्याही रॉडचा रंग पाहून ‘प्रिझर्व्हर दिलंय’ किंवा ‘नाही दिलं’ असं हळूच पुटपुटतो.

इपॉक्सी हा या संसारातला सर्वात नाजूक विषय. दोन बाटल्यांतले दोन द्रव अगदी समान घ्यायचे. त्यासाठी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून सिरिंजा आणायच्या. चाळिशी उलटलेला, डोळे तांबारलेला माणूस दर पंधरवड्याला सुईविना सिरिंजा का नेतो, याचा केमिस्ट अजून विचार करतो आहे. मिश्रण संथ ढवळायचं आणि लगेच अॅल्युमिनियमच्या फॉइलवर ओतून पसरायचं. वाटीत राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. बुडबुडे उरले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लांबून दाखवायची. एकदा त्याने निरांजनावर काम भागवलं आणि सोनेरी किनारीला काजळी धरली.

आणि मग रॉड फिरत ठेवायचा, संथ, तासन् तास. नाहीतर इपॉक्सी ओघळून खालच्या बाजूला मध जमल्यासारखी जमते. यासाठी मंद गतीची मोटर लागते. ती घरातच होती. गणपतीच्या मखरात मूर्तीमागे जे चक्र फिरतं, त्याची. वर्षातले साडेअकरा महिने ती माळ्यावर नुसती पडून असते, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. आता बैठकीच्या खोलीत ओला रॉड गरगरत असतो आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत ‘हात लावू नका, ओलं आहे’ या वाक्याने होतं. पंखा बंद, कारण धूळ बसते. झाडू बंद. पापड भाजणं बंद. पावसाळ्यात दमट हवेने इपॉक्सीवर चिकट, धुरकट पापुद्रा येतो, म्हणून एसी चालू. तो एसी मे महिन्यात बायकोसाठी रात्री अकरानंतर लागतो. जुलैत काठीसाठी दिवसभर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे हेच दोन महिने त्याचा हंगाम.

रॉड तयार झाला की परीक्षा. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम हॅनेमन यांनी रॉडची ताकद मोजायची एक सोपी रीत काढली: रॉड आडवा धरायचा, शेंड्याला पिशवी टांगायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तिच्यात अमेरिकन सेंट टाकत जायचे. सेंटचं वजन अडीच ग्रॅम. आपल्याकडे 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा. म्हणजे तीन सेंट बरोबर जवळजवळ दोन रुपये! हा शोध लागला त्या रात्री त्याला झोप आली नाही. पण नंतरच्या मालिकेतला रुपया आणखी हलका निघाला आणि सगळं कोष्टक कोसळलं. रुपया घसरल्याचं दुःख या देशात अनेकांनी केलं असेल, या कारणासाठी मात्र त्यानेच.

दुसरी परीक्षा कड्यांच्या जागांची. रॉड वाकला की कड्यांतून जाणारी दोरी त्याच्या बाकाशी समांतर राहिली पाहिजे. म्हणून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून रॉड बाहेर काढून दोरीला लिटरभर पाण्याची बाटली टांगायची आणि कड्या मागेपुढे सरकवत बघायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ती बाटली दोनदा सोडवून घेतली आहे. एकदा त्याबदल्यात रिकामी बांधून वर पाठवली.

पाहुणा पोह्यांना थांबला तर इतिहास ऐकावाच लागतो. चिरलेल्या बांबूचा रॉड अमेरिकेत ईस्टनच्या सॅम्युअल फिलिप या बंदूक कारागिराने गेल्याच्या आधीच्या शतकात, 1840 च्या दशकात केला, असं मानतात. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षटकोनी रॉड बनवायचा धंदाच उभारला. ‘आणि तो बांबू कुठला? आपला! तिकडे त्याला कलकत्ता केनच म्हणायचे.’ इथे आवाज चढतो. मग दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू आला आणि आपला मागे पडला. इथे आवाज उतरतो. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तोवर फायबरग्लासचे रॉड बाजारात उतरले होते आणि 1973 मध्ये कार्बनचे आले. एव्हाना पोहे थंडगार झालेले असतात.

या जमातीत पंथही आहेत. कार्बनचं कापड गुंडाळून ब्लँक बनतो, त्यामुळे त्याची एक बाजू इतरांहून किंचित ताठ असते. तिला ‘स्पाइन’ म्हणतात. कड्या त्या बाजूला धरून बांधायच्या, असं एका पंथाचं मत. स्पाइन गेली खड्ड्यात, ब्लँक सरळ दिसेल तशा बांधा, असं दुसऱ्याचं. या मुद्द्यावर दोन जिवलग मित्र रेवदंड्याला जाताना एकाच गाडीत मांडव्यापर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते.

आणि मासे? तो प्रश्न विचारायचा नसतो. नवा रॉड खडकाला घासेल म्हणून तो खडकावर जात नाही, खारं पाणी उडेल म्हणून कठड्यापासून हातभर लांब उभा राहतो. एकदा रिकाम्या हाताने येताना बाजारातून दोन पापलेटं घेऊन आला आणि ‘आज लागली’ म्हणाला. पापलेट जाळ्यात येतं, गरीला सहसा लागत नाही, हे कोकणातल्या माहेरवाशिणीला सांगावं लागत नाही. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘तुमच्या त्या दोघांचा सत्कार कधी?’

तरी सी-फेसवर त्याचा मान मोठा आहे. कुणाच्या टोकाची कडी निघाली, कुणाची कडी आतून चिरून दोरी कापू लागली, की हाक त्यालाच जाते. तो कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो, ब्लँक उजेडाकडे धरतो आणि डॉक्टरसारखा ‘कधीपासून होतंय?’ विचारतो. पिशवीतून गरम करून लावायचा गोंद आणि लायटर निघतो. दोन मिनिटांत कडी जागेवर. पैसे घेत नाही. ज्याच्या रॉडला कडी बसवली त्याला पुढच्या भरतीला जिताडा लागला, तर ती बातमी तो घरी स्वतःच्या माशाच्या थाटात सांगतो.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न झालं. जावयासाठी त्याने चार महिने खपून आठ फुटी रॉड बांधला, मुठीच्या वर बारीक अक्षरांत जावयाचं नाव आणि तारीख लिहून त्यावर इपॉक्सीचे दोन हात दिले. जावई माळकरी. घरात कांदासुद्धा एकादशीला चालत नाही. सासऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्याने काठी ठेवून घेतली आणि या मेमध्ये तिच्या शेंड्याला झेला बांधून परसातले हापूस उतरवले. सासरेबुवांनी फोटो पाहिला, मोठा करून पाहिला आणि फोन लावला. वरच्या कडीचे वेढे सुटलेले नाहीत ना, एवढंच विचारलं.

तुमच्याही घरात टोक तुटलेला एखादा रॉड पडला असेल, तर त्याच्याकडे जरूर न्या. फक्त गणपतीच्या दिवसांत नेऊ नका. तेव्हा मोटर बाप्पाकडे असते.