सहा महिन्यांचे आजोबा

न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावी उन्हाळा लागला की मराठी घरांतून एकेक आजोबा दिसू लागतात. मुलाकडे आलेल्या या पाहुण्याला विमानतळावरचा अधिकारी साधारण सहा महिने राहायची परवानगी देतो, म्हणून मी त्यांना सहा महिन्यांचे आजोबा म्हणतो. वय शहात्तर. व्हिसावर लिहिलेलं असतं पर्यटक, पण आजोबा आलेले असतात तपासणीला. एसी कितीवर ठेवलाय, भांडी घासायचं यंत्र किती पाणी पितं, रस्त्यात चिटपाखरू नसताना लाल दिव्यापाशी थांबणारा माणूस शहाणा की खुळा, या सगळ्यावर त्यांचे शेरे तयार असतात. अहवाल कोणी मागितलेला नसतो, तो भाग वेगळा.

मी ज्यांच्याबरोबर एक दिवस काढला ते माझ्या मावशीचे यजमान. पण नातू झाल्यापासून अख्खं घर त्यांना आजोबाच म्हणतं. मावशीसुद्धा ‘अहो आजोबा’ अशी हाक मारते. सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, तरी पूल दिसला की मान खाली वाकवून खांब बघणं सुटलेलं नाही. आठवडाभर नातवाला सांभाळायचं आणि शनिवारी मुलानं ‘बाबांना बाहेर काढायचं’, असा त्या घरातला अलिखित करार आहे. त्या शनिवारी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ठरला.

मावशी पहाटे उठून दशम्या करत होती. मुलगा म्हणाला, “आई, तिथं सगळं खायला मिळतं.”

“मिळतं रे. पण काय मिळतं?”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि अर्धा डझन केळी गाडीत चढली. मागोमाग आजोबा. इस्त्रीची पँट, मुलानं घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट, आणि बोटीवर वारं असतं म्हणून ऐन जुलैत खिशात कानटोपी.

जर्सी सिटीच्या धक्क्यावर त्यांनी तिकिटाचा फलक वाचला आणि डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे गुणाकार चालू आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वयाच्या ६२ पासून सवलत आहे, हे मुलानं घाईघाईनं सांगून पाहिलं. “सवलत?” आजोबा म्हणाले, “आमच्या एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे तिकीटच नाही. हिला अर्धं. दोघं मिळून अर्ध्या तिकिटात पंढरपूर!” मागे रांगेत उभ्या असलेल्या गोऱ्या बाईनं काही न कळता मान डोलावली. आजोबांना तेवढा पाठिंबा पुरला.

बोटीआधी विमानतळासारखी तपासणी असते. तिथं आजोबांच्या खिशातून अडकित्ता निघाला. सुरक्षारक्षकानं तो दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला. आजोबांनी ‘फॉर सुपारी’ असा खुलासा केला आणि हवेत कातरून दाखवलं. त्यानं प्रकरण सोपं झालं नाही. मुलगा अडकित्ता घेऊन गाडीपर्यंत पळत गेला आणि पळत आला.

या बाजूची बोट आधी एलिस बेटावर थांबते. १८९२ ते १९५४ या काळात सव्वा कोटीच्या आसपास माणसं या ठाण्यातून अमेरिकेत शिरली. पायऱ्या चढताना कोण धापा टाकतं, कोण लंगडतं, हे डॉक्टर उभे राहून बघायचे आणि संशयिताच्या कोटावर खडूनं अक्षर काढायचे. लंगडणाऱ्याला ‘एल’, हृदयाच्या रोग्याला ‘एच’. मावशीनं विचारलं, “गुडघ्याला कुठलं?” तेवढ्यात आजोबांची बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीतली जुनी जखम उघडी पडली. व्हिसासाठी त्यांनी पेन्शनचे कागद, फ्लॅटचा करारनामा, पासबुक, मुलाचं पगारपत्रक, लग्नाचे फोटोसुद्धा फायलीत क्रमवार लावून नेले होते. खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, कशाला चाललात? मावशी म्हणाली, नातवाला बघायला. व्हिसा मंजूर. फाईल कोणी उघडलीच नाही. “खडूनं लिहिलं असतं तरी चाललं असतं,” आजोबा म्हणाले, “कोणीतरी नीट बघितलं तरी असतं.” व्हिसा मिळाल्याचं एवढं दुःख झालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

पुतळ्यापाशी मावशीचं मत तात्काळ आलं. तांब्याचं आहे ना, मग चिंच का लावत नाहीत? तो हिरवा थरच आतल्या तांब्याला जपतो, असं मी वाचलेलं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिच्या स्वयंपाकघरात ही सबब कधी चालली नसती.

आजोबा मात्र गप्प होते. बार्थोल्डी या शिल्पकाराचा हा पुतळा १८८६ साली उभा राहिला, आतला लोखंडी सांगाडा आयफेलचा, वरचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा, हे त्यांनी फलकावर वाचलं आणि त्यांच्यातला उपअभियंता जागा झाला. “आत लोखंड, बाहेर तांबं आणि चहूकडे खारा वारा? लोखंड खाल्लं जाणार. कोणी पास केलं हे?”

“बाबा, आयफेल होता तो.”

“असेल.”

संग्रहालयात शिरलो आणि गंमत झाली. तांबं-लोखंडाचा थेट संबंध येऊ नये म्हणून मध्ये घातलेला थर झिजला, आतल्या लोखंडी पट्ट्या गंजल्या, आणि शताब्दीच्या दुरुस्तीत, म्हणजे १९८६ पर्यंत, त्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. अगदी आजोबा म्हणाले तसंच! मुलानं वाचून दाखवलं, तेव्हा ते नुसते “हं” म्हणाले. पण चालण्यात फरक पडला. परतीच्या बोटीत कानटोपी घालून ते कठड्याशी उभे राहिले आणि पहिल्यांदाच म्हणाले, “तशी बाई देखणी आहे.” आयफेलची चूक सापडल्यावर अमेरिकेला नावं ठेवायची त्यांना गरज उरली नव्हती.

रात्री नाशिकला धाकट्या भावाला फोन लागला. त्यात बोट प्रचंड होती, व्यवस्था चोख होती, कुठे कागदाचा कपटा नव्हता, आणि ज्येष्ठांना ‘वेगळा दर’ होता. अडकित्त्याचा उल्लेख नव्हता. पलीकडून भावानं नाशिकच्या खड्ड्यांचा विषय काढताच आजोबांनी जो आवाज चढवला, त्यावरून परत गेल्यावर पुढची तपासणी कुठे होणार हे उघड होतं.

तुमच्याकडे येत्या उन्हाळ्यात असे आजोबा येणार असतील, तर त्यांना जरूर बाहेर न्या. फक्त तिकिटं घरूनच काढून ठेवा, आणि विचारलं तर ऑफिसातून फुकट मिळाली म्हणून सांगा.