कॅमेरा जरा डावीकडं

(जोतिबाच्या डोंगरावरचं दुकान. नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, गुलालाचं पोतं. पन्नाशीचा दुकानदार मोबाइल हातात धरून जागच्या जागी गरागरा फिरतोय. धडपडून पोत्यावर बसतो.)

थांबा मंडळी. चक्कर आली. प्यालो न्हाई, कॉलेज बघायलोय!

पोरगी बारावी झाली, सीईटी दिली. आता म्हणत्या, "बाबा, मी पुण्याला जातो." आमच्याकडं पोरीबी 'जातो-येतो'च म्हणत्यात. पुण्यात पहिली दुरुस्ती तिथंच हुईल! म्हटलं चल, रविवार सोडून बघून येऊ. रविवार देवाचा वार. दुकान बंद ठेवलं तर देव माफ करंल, बायको न्हाई. तर म्हणत्या, "जायचं कशाला? व्हर्च्युअल टूर हाय की." बोटानं ढकलायचं, कॉलेज गोल फिरतंय. आजवर देवळाभोवती आपण फिरायचो, इथं देऊळच आपल्याभोवती फिरतंय!

अकरा कॉलेजं फिरलो. सगळ्या लायब्रऱ्यांत एक पोरगी पुस्तक वाचून हसत्या. इंजिनिअरिंगचं पुस्तक वाचून हसलेलं माणूस मी तरी बघितलं न्हाई. मेसमधी ताटं चकचकीत, आमटी कुठंच न्हाई. आणि संडास? बाण दाबून दाबून अंगठा सुजला, सापडंना!

म्हणशीला, गुलालवाल्याला ह्यातलं काय कळतंय? अहो, मी ह्याच धंद्यातला हाय!

(उभा राहतो.)

२०२० ची चैत्र यात्रा आठवा. यात्रा रद्द. सासनकाठ्या गावागावांत घरीच. एरवी गुलालानं माणूस वळखू येत न्हाई, त्या साली वळखायला माणूसच न्हवतं. मुंबईचं एक जुनं गिऱ्हाईक फोनवर रडायला लागलं. म्हटलं, थांबा, व्हिडिओ लावतो. दुकानातनं शिखर दाखवलं, खोबरं उधळलं, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" तवापासनं माझी टूर चालू. (घसा खाकरून, जाड आवाजात) "हे देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं..." आणि कॅमेरा कायम उजवीकडं! कारण डावीकडं नारळाच्या शेंड्यांचा आणि प्लॅस्टिकचा ढीग हाय. म्हणून तर कॉलेज बघताना माझी नजर डावीकडं.

पोरीला म्हटलं, "राजाराम कॉलेज काय वाईट हाय? १८८० पासनं हाय. किक मारली की पोचलीस." म्हणत्या, "तिथं इंजिनिअरिंग कुठं हाय?" म्हटलं, "शाहू महाराजांनी १९०१ ला बोर्डिंग काढलं, तवा पोरं काय खोली गोल फिरवून बघत हुती?" तर म्हणत्या, "बाबा, ऑप्शन फॉर्मची उद्या शेवटची तारीख. आणि पहिल्या फेरीत पहिलंच कॉलेज लागलं, तर घ्यावंच लागतंय." झालं! फोटो बघून पसंती आणि रातोरात अक्षता!

मग मी डोकं लावलं. नकाशात त्या पहिल्या कॉलेजच्या गेटबाहेर चहाची टपरी दिसली. पाटीवर नंबर. दुकानदाराचं दुकानदाराला कळतं. लावला फोन.

"राम राम भाऊ, जोतिबावरनं गुलालवाला बोलतोय. जरा व्हिडिओ लावा, कॉलेज बघायचंय."

"काका, मला आत सोडत नाहीत."

"आतलं बघून झालंय. बाहेरचं दाखवा."

दाखवलं बिचाऱ्यानं. गेट, गेटसमोर तळं, तळ्यात रिक्षा. आणि टपरीवर हॉस्टेलची पोरं, वडापाववर तुटून पडलेली.

"मेस चालू हाय न्हवं?"

"चालू आहे म्हणून तर माझा धंदा आहे!"

म्हटलं, ही खरी टूर! फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणतोय, "काका, जोतिबा आमचं कुलदैवत. लई वर्षं येणं झालं नाही. जरा शिखर दाखवा की."

(हात आपोआप उजवीकडं जातो. आवाज जाड.)

"हे देऊळ १७३० साली..."

पोरीनं मनगट धरलं आणि फोन डावीकडं फिरवला! शेंड्या, प्लॅस्टिक, वर बसलेलं कुत्रं, सगळं लाइव्ह! मी डोळंच मिटलं. तिकडनं आवाज आला, "हां! हे जोतिबाच! लहानपणी त्याच ढिगापाशी मी हरवलो होतो. आधी वाटलं, काका रेकॉर्डिंग लावतायत!"

(मोबाइल हळूच डावीकडं वळवून बघतो. चिमूटभर गुलाल ढिगाच्या दिशेनं उधळतो. अंधार.)