दिवा विझवणाऱ्या शेठना खुले पत्र

शेठ,

जुन्या गाड्यांच्या तुमच्या दुकानात एकही गाडी आजारी नसते, याबद्दल आधी अभिनंदन. सात-सात, आठ-आठ वर्षं पळालेल्या गाड्या, पण चेक इंजिनचा दिवा एकीचाही लागत नाही. केवढी पुण्याई म्हणायची!

पण मी आतेबहिणीबरोबर गाडी बघायला आलो, तेव्हा काखेत लॅपटॉप होता. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर खोचला, चावी फिरवली आणि तुमची पुण्याई स्क्रीनवर उमटली. साठवलेले बिघाडाचे कोड: शून्य. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची चाचणी: अपूर्ण. ऑक्सिजन सेन्सरची चाचणी: अपूर्ण. कोड पुसल्यापासूनचं अंतर: 9 किलोमीटर. आणि मीटरवर 62,000.

तुम्ही लगेच म्हणालात, “ताई, कालच नवी बॅटरी टाकलीय.” बॅटरी काढली की अनेक गाड्यांच्या या नोंदी पुसल्या जातात, हे खरं. म्हणून मी म्हटलं, थोडी गावात, थोडी हायवेला चालवू द्या, गाडीच्या चाचण्या पुऱ्या होतील आणि खरं-खोटं कळेल. त्याबरोबर दुसरं गिऱ्हाईक टोकन घेऊन निघालंच की तुमच्याकडे! आम्ही परत फिरलो. पुढच्या आठवड्यात ती गाडी जागेवर नव्हती. ती ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्यासाठी हे पत्र.

स्कॅनरचं बटण दाबलंत की नुसता दिवा विझत नाही, शेठ. बिघाड झाला तेव्हा इंजिनाचे फेरे किती होते, वेग किती होता, कूलंट किती तापलं होतं, हे सगळं कंट्रोल युनिटने टिपून ठेवलेलं असतं. तेही जातं. दोष शोधायला मेकॅनिकच्या हाती असलेला पुरावाच तुम्ही नाहीसा करता. दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. पहिला सिलिंडर मिसफायर होत असेल, म्हणजे कोड पी0301, तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. जे काम स्पार्क प्लग किंवा कॉइल बदलून भागलं असतं, त्यासाठी नव्या मालकाला अख्खा कन्व्हर्टर बदलावा लागतो. तुमची पाच मिनिटं वाचतात, त्याचा पगार जातो.

अमेरिकेत 1996 पासून आणि आपल्याकडे भारत स्टेज 4 च्या गाड्यांना एप्रिल 2013 पासून ओबीडी-2, म्हणजे बिघाड ओळखून हा दिवा लावणारी यंत्रणा, सक्तीची झाली. हवा बिघडवणारा दोष चालकाला वेळेत कळावा, म्हणून. तो दिवा नव्या मालकाचा हक्क आहे आणि त्याच्या मागे श्वास घेत चालणाऱ्यांचाही. पीयूसीवाला नळीच्या तोंडाशी तपासतो, सॉकेटमध्ये डोकावत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्याच फटीत तुमचा धंदा चालतो.

तेव्हा मागणी साधी आहे. गाडी ताब्यात आली की कोड वाचा आणि त्याची प्रिंट काढून कागदपत्रांना जोडा. दुरुस्ती केलीत तर बिल दाखवा. केली नसेल तर तसं सांगा आणि किंमत उतरवा. दोष असलेली गाडी विकणं गुन्हा नाही, तो लपवून विकणं ही लबाडी आहे. कोड पुसलेच असतील, तर चाचण्या पुऱ्या होईपर्यंत गिऱ्हाइकाला गाडी चालवू द्या.

हे जमत नसेल, तर गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी एवढंच सांगणार आहे: अडॅप्टर बरोबर न्या, पुसल्यानंतरचं अंतर आधी बघा आणि जो सॉकेटला हात लावू देत नाही, त्याच्याकडे टोकन देऊ नका.

कळावे,
तुमचं हातचं गेलेलं एक गिऱ्हाईक