रुपयाला दोन आणे

भाच्याने परवा माझ्यासमोर 59 कार्डं मोडली. खरी नव्हेत, फोनमधली. अंगठा ‘मोडा’वर दाबून धरायचा, कार्डाला तडा जातो, निळसर भुकटी उडते आणि वरच्या कोपऱ्यातला आकडा पाचने वाढतो. पाच, पाच, पाच, मधेच एखादा वीस. “कचरा आहे मामा,” तो म्हणाला. मी बघत बसलो. साठावं कार्ड आलं तसा त्याचा अंगठा थांबला. पाठीवर देऊळ घेऊन चालणारं कासव होतं त्यावर. दिवाळीत हेच कार्ड त्याने मला फोन नाकाशी धरून दाखवलं होतं. “हे कशाला मोडतोस?” मी विचारलं. “कमी पडतायत,” तो म्हणाला आणि दाबलं.

त्या भुकटीतून त्याने हवं ते कार्ड घडवलं. स्क्रीन उजळली, तोही उजळला. दोन दिवसांनी फुकट मिळालेला पॅक उघडला तर त्यात तेच कार्ड. दुसरी प्रत. डावात एकच चालते, म्हणून ती मोडायला घेतली. घडवताना जेवढी भुकटी लागली होती, तिचा चौथा हिस्सा परत मिळाला. अकरा वर्षांचा मुलगा आहे. रडला नाही, पण फोन उलटा ठेवला आणि जेवायला उठला.

माझी तक्रार खेळाबद्दल नाही, हे आधीच सांगतो. पत्त्यांचे हे गेम डोक्याचे आहेत. तीस कार्डांची गड्डी बांधायची, कुठलं घ्यायचं, कुठलं वगळायचं, समोरच्याच्या हातात काय असेल याचा अंदाज घ्यायचा. यात पोरं विचार करायला शिकतात. माझी तक्रार मोडीच्या दराबद्दल आहे, आणि तो दर पोरांना कुणी वाचून दाखवत नाही म्हणून हे लिहितो आहे.

हार्थस्टोन घ्या. ब्लिझर्ड कंपनीचा हा गेम 11 मार्च 2014 ला आला. पॅक विकत घ्या, नको ती कार्डं मोडून ‘डस्ट’ करा, डस्टमधून हवं ते कार्ड घडवा. त्याचे दर उघड आहेत. साधं कार्ड घडवायला 40 डस्ट, तेच मोडलं तर 5. त्याच्या वरचं, ‘रेअर’, घडवायला 100, मोडून 20. ‘एपिक’ 400 आणि 100. सगळ्यांत वरचं ‘लेजेंडरी’ 1600 आणि 400. आता सोनेरी झळाळीची कार्डं. सोनेरी साधं 400 ला घडतं, मोडलं की 50. सोनेरी लेजेंडरी 3200 ला घडतं, मोडलं की 1600.

हे आकडे आपल्या जुन्या आण्यांत मांडा, म्हणजे चटकन कळतील. साध्या कार्डाला रुपयामागे दोन आणे परत. लेजेंडरीला चार आणे. सोनेरी लेजेंडरीला आठ आणे. ज्याच्याकडे सगळ्यांत हलका माल, त्याची तूट सगळ्यांत मोठी. ज्याच्याकडे सोनेरी लेजेंडरी, त्याला निम्मं परत. मोडीचा असा दर कुठल्याही सराफाने लावला तर गिऱ्हाईक दुकानातच आवाज चढवेल. सराफ घट धरतो, घडणावळ घेतो, पण बारक्या डुलाची आणि जाड पाटल्यांची घट एकाच काट्यावर ठरते. गरिबाच्या डुलातले चौदा आणे तो कापून घेत नाही.

आणखी एक हिशेब. हार्थस्टोनच्या पॅकमध्ये पाच कार्डं असतात आणि त्यातलं किमान एक रेअर किंवा त्याहून वरचं असतं. सगळ्यांत फुसका पॅक म्हणजे चार साधी आणि एक रेअर. तो सगळा मोडला तर चारपंचे वीस आणि वर वीस, म्हणजे 40 डस्ट. असे 40 पॅक मोडले की 1600. म्हणजे एक लेजेंडरी. नुसती साधी कार्डं मोडायची म्हटली तर 320 लागतात. एका कार्डासाठी 320. खेळात मिळणाऱ्या नाण्यांत एका पॅकची किंमत 100, म्हणजे 40 पॅकना 4000 नाणी. प्रत्यक्षात सहसा इतके लागत नाहीत, अधूनमधून भारी कार्डही निघतं. पण नशिबावर मुलाचा हिशेब बसवायचा नसतो.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. घडाई हीच या खेळांतली सगळ्यांत प्रामाणिक सोय आहे. बाकी सगळं लॉटरीसारखं. इथे मात्र दुकानाच्या पाटीवर भाव लिहिलेला आहे: इतकी भुकटी आणा, हे कार्ड न्या.

या पाटीचं मोल कळायला एक गणित करून बघा. दहा वेगवेगळी कार्डं आहेत, प्रत्येक पुडीत एकच निघतं आणि दहाही निघण्याची शक्यता सारखी आहे. पूर्ण संच जमवायला सरासरी किती पुड्या? दहा नव्हे, पंधरा नव्हे, 29. पहिली पाच कार्डं साधारण साडेसहा पुड्यांत मिळतात. उरलेल्या पाचांना जवळजवळ 23 लागतात, आणि त्यातलं शेवटचं एकटं कार्ड सरासरी 10 पुड्या खातं. लहानपणी बबलगमच्या वेष्टनातली क्रिकेटची कार्डं ज्यांनी जमवली, त्यांना हे गणित न शिकताही माहीत आहे. नऊ मिळाली की आता एकच राहिलं असं वाटतं. पैशांच्या हिशेबाने अजून तिसरा हिस्सा वाट राहिलेली असते.

जपानमधल्या मोबाइल गेमनी नेमकं या शेवटच्या कार्डावर दुकान थाटलं होतं. यंत्रातून एकेक कार्ड काढा, ठरलेली सगळी जमली की ती जोडून एक दुर्मीळ बक्षीस घ्या. ‘कोम्पु गाचा’ म्हणत त्याला. मे 2012 मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने हे बेकायदा असल्याची भूमिका घेतली. बातमी फुटल्यावर ग्री आणि डीएनए या बड्या कंपन्यांचे शेअर धाडकन कोसळले, कंपन्यांनी हा प्रकार गुंडाळला आणि जुलैपासून बंदी लागू झाली. त्यासाठी नवा कायदाही करावा लागला नाही. जपानचा बक्षिसांविषयीचा कायदा 1962 चा. वेगवेगळी कार्डं जुळवायला लावून बक्षीस देण्याला त्यात फोनवरचे गेम येण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून मनाई होती. खाऊच्या पुडीत जे चालत नाही ते फोनमध्येही चालणार नाही, इतका तो साधा निर्णय होता.

म्हणजे कार्डं एकत्र करून नवं कार्ड मिळवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत ठरावीक दहाच्या दहा हवीत, म्हणून पोरगं शेवटच्या कार्डामागे धावत राहतं. दुसरीत कुठलीही नकोशी कार्डं चालतात आणि धावणं थांबतं. हार्थस्टोनची घडाई दुसऱ्या तऱ्हेची आहे आणि ती मला पटते. पण सुटकेच्या दारावर रुपयात चौदा आण्यांचा टोल असेल, तर त्या दारापर्यंत पोचणार किती?

शाळेत आमच्या वर्गात ट्रम्प कार्डांची देवघेव चालायची. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे. दोन देऊन एक, कधी तीन देऊन एक आणि वर एक बोर. समोर मुलगा असायचा. त्याला नको ते मला हवं असायचं आणि मला नको ते त्याला. दोघांचंही भलं व्हायचं, मधल्यामध्ये कुणी काही कापायचं नाही. आईचं बोहारणीशीही तेच. दाराशी भांड्यांची पाटी उतरली की दोन साड्या आणि एका पँटवर स्टीलचं पातेलं मिळे, पण अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर. बोहारीण म्हणायची जर निघालीय, आई म्हणायची काठ बघ की. शेवटी पातेल्यावर झाकणही यायचं.

हार्थस्टोनमध्ये एकाला दुसऱ्याला कार्ड देता येत नाही. समोरचा मुलगा काढून टाकला आहे. माझ्याकडचं जास्तीचं कार्ड शेजारच्या पोराला हवं असलं तरी ते त्याच्याकडे जाणार नाही, आधी भुकटी होईल आणि त्यातला मोठा वाटा हवेत जाईल. घासाघीस करायला समोर कुणी नाही, आहे ते फक्त बटण. मोडीचा दर एवढा पडका राहू शकतो तो यामुळेच. पाण्याच्या टाकीमागे तो एक दिवस टिकला नसता.

देवघेव दिली तरी ती कशी दिली हे बघावं लागतं. पोकेमॉनचा फोनवरचा कार्डांचा गेम, पोकेमॉन टीसीजी पॉकेट, ऑक्टोबर 2024 मध्ये आला आणि 2025 च्या जानेवारीअखेर त्यात देवघेव सुरू झाली. पण प्रत्येक मोठ्या देवघेवीला टोकन लागायची आणि ती मिळवायची तर आपलीच भारी कार्डं जाळायची. एक ‘ईएक्स’ कार्ड बदलायला 500 टोकन, एक ईएक्स जाळलं तर 125. चार जाळा, तेव्हा एकाची अदलाबदल. खेळणाऱ्यांनी असा आरडाओरडा केला की कंपनीला जाहीर उत्तर द्यावं लागलं आणि त्याच वर्षी ती टोकन पद्धत काढून टाकावी लागली. पोरांनी ओरडून दर बदलून घेतला. मला ही बातमी फार आवडली.

दर हा निसर्गनियम नाही, कुणीतरी बसून ठरवलेला आकडा आहे, याचे पुरावे हवे तेवढे आहेत. यु-गी-ओ मास्टर ड्युएल हा 2022 चा गेम. तिथे कुठल्याही दर्जाचं, झळाळी नसलेलं कार्ड मोडा, 10 गुण मिळतात. त्याच दर्जाचं घडवायला 30 लागतात. तीन मोडा, एक घडवा. खालच्या कार्डाला वेगळा काटा आणि वरच्याला वेगळा, असं नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडच्या ग्वेंट या गेममध्ये पॅकऐवजी पिंप असतं; त्यातलं पाचवं कार्ड तिघांतून तुम्ही निवडायचं, म्हणजे नकोसा माल मुळातच कमी साठतो. खुद्द हार्थस्टोननेही सुधारणा केल्या, त्या सांगायलाच हव्यात. 2017 पासून एका संचातली सगळी लेजेंडरी मिळेपर्यंत त्या संचाचं लेजेंडरी दुसऱ्यांदा निघत नाही. 2020 मध्ये हा नियम सगळ्या दर्जांना लागू झाला. कंपनीने एखाद्या कार्डाची ताकद कमी केली तर काही दिवस ते पूर्ण किमतीला मोडता येतं. माझा भाचा खेळतो तो गेम वेगळा; त्यात यातलं काही असतं तर परवाचं जेवण नीट झालं असतं.

पण हार्थस्टोनमधला मोडीचा मूळ दर तसाच आहे. दुसऱ्या बाजूने जुन्या कार्डांना चलनातून काढणंही सुरूच. हार्थस्टोनमध्ये एप्रिल 2016 पासून ‘स्टँडर्ड’ प्रकार आला. दर वर्षी जुने संच त्यातून बाद होतात. जुनी कार्डं खेळायला ‘वाइल्ड’ नावाचा दुसरा प्रकार आहे, तो बंद नाही. पण शाळेतली सगळी मित्रमंडळी नव्यात खेळत असतील तर मुलगा एकटा जुन्यात काय करणार? तो दोन वर्षांची कार्डं मोडायला काढतो. रुपयाला दोन आणे, चार आणे. त्यातून नवी घडवतो. पुढच्या वर्षी तीही मोडतो. उरलेल्या चार आण्यांनाही पुन्हा रुपयाला चार आणे हाच दर लागला की रुपयाचा एक आणा राहतो.

आकडे उघड करायला लावले की फरक पडतो. चीनने 2017 मध्ये पॅकमधल्या शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं, तेव्हा हार्थस्टोनचा आकडा बाहेर आला: सरासरी 20 पॅकमागे एक लेजेंडरी. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मोडीच्या दराचं विचारायचं काम अजून आपल्याकडेच आहे. मागणं फार मोठं नाही. दुसऱ्यांदा निघालेलं कार्ड पूर्ण किमतीला मोडून द्या. साध्या कार्डाला आणि लेजेंडरीला एकच काटा लावा. चुकून मोडलेलं कार्ड एका दिवसात परत घेऊ द्या. ‘मोडा’ या बटणावर, तिथेच, ठळक अक्षरांत लिहा की हे परत घडवायला किती लागतील.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. येत्या रविवारी मुलाच्या शेजारी बसा. फोन काढून घेऊ नका, ओरडू नका. त्याचा संग्रह उघडायला सांगा. तो आनंदाने दाखवेल, एकेका कार्डाची गोष्टही सांगेल, ती पूर्ण ऐका. मग वही घ्या आणि त्याच्याच हाताने दोन आकडे लिहायला लावा: कार्ड मोडलं तर किती मिळतात आणि घडवायला किती लागतात. भागाकार त्यालाच करू द्या.